इंग्रजी भाषकांसाठी जर्मन पाठ : एक चिकित्सा

डॉइचे वेले आणि ग्योथे इन्स्टिट्यूट यांचा 'डॉइच – वारुम निश्ट?' हा रेडिओ-अभ्यासक्रम चार मालिकांचा असून प्रत्येकीत २६ पाठ आहेत. पत्रकारितेचा विद्यार्थी आंद्रेआस हॉटेलात नोकरी करतो. एक्स नावाची अदृश्य मैत्रीण त्याच्यासोबत असते. पाहुण्यांशी 'झी' आणि मैत्रिणीशी 'डू', हा भेद प्रसंगातून कळतो. एकाच 'यू'वर भागवणाऱ्या इंग्रजी भाषकाला त्याची गरजही मोठी. पाठकर्त्यांचे हे यश निर्विवाद आहे.

परंतु जर्मन संवाद तेच ठेवून निवेदन तेवढे निरनिराळ्या भाषांत केल्याने पाठांचा क्रम सर्वांना एकच राहिला. इंग्रजी भाषकाजवळचे खास भांडवल त्या क्रमाला आकार देऊ शकले नाही. इंग्रजी व जर्मन या सख्ख्या नात्यातील भाषा. याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेले व्यंजन-परिवर्तन दोन-तीन जोड्यांत समजते : टेन–त्सेन, टंग–त्सुंगे, वॉटर–वासर, शिप–शिफ. शब्दारंभीचा 'ट' जर्मनमध्ये 'त्स' होतो, स्वरानंतरचा 'स'. एवढ्यावर पहिल्याच आठवड्यात शेकडो शब्द ओळखीचे वाटू लागतात. अर्थात नाते फसवेही असते. 'गिफ्ट' म्हणजे विष आणि 'बेकोमेन' म्हणजे मिळणे, हे वेळीच सांगावे लागते.

खरी अडचण क्रियापदाच्या जागेची. 'आज'ने वाक्य सुरू केले की जर्मनमध्ये लगेच क्रियापद हवे, कर्ता त्यानंतर : 'हॉइटं गेऽअं इश'. इंग्रजी भाषक 'हॉइटं इश गेऽअं' म्हणतो. गौणवाक्यात तर क्रियापद थेट शेवटी जाते.

येथे महाविद्यालयीन अध्यापकांचा प्रश्न उभा राहतो. इंग्रजी भाषकांसाठी रचलेले पाठ इंग्रजी माध्यमातून मराठी-उर्दू विद्यार्थ्यांपुढे येतात, तेव्हा इंग्रजांची भीतीही उसनी घेतली जाते. क्रियापद शेवटी येणे हे आपल्या विद्यार्थ्याला संकट नाही, त्याची ती घरची सवय आहे. त्याला सराव हवा तो मुख्य वाक्यातील दुसऱ्या स्थानाचा. 'डू–झी' भेद तू–तुम्ही, तुम–आप बोलणाऱ्याला एका वाक्यात सांगता येतो. 'मेट्शन' म्हणजे मुलगी, तरी शब्द नपुंसकलिंगी. याची मार्क ट्वेनने १८८० मध्ये यथेच्छ थट्टा केली. 'ते मूल', 'ते लेकरू' म्हणणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला त्यात थट्टेसारखे फारसे काही सापडणार नाही; दोनच लिंगांच्या उर्दूतून आलेल्याला मात्र तिसऱ्या लिंगाचा सराव वेगळा द्यावा लागेल.