यादी कोणाची, परीक्षा कशाची?

आजचा विषय थोडा आडवळणाचा वाटेल: अमेरिकेतल्या समाजशास्त्र विभागांमधली पीएच.डी.ची कॉम्प्रिहेन्सिव्ह परीक्षा. विद्यार्थी तिला नुसतं 'कॉम्प्स' म्हणतात. आपली मुलंमुली तिकडे संशोधनाला जातात, तेव्हा ती ठाऊक असलेली बरी. मी तत्त्वज्ञानाचा माणूस. माझा प्रश्न एवढाच, की ही परीक्षा नेमकं काय तपासते?

आधी रीत बघू. आपल्याकडे परीक्षा दारात असते, नेट किंवा पेट. आत गेलं की कोर्सवर्क आणि मग प्रबंध. तिकडे खरी कसोटी मध्यावर. दोनेक वर्षं वर्ग झाले की विद्यार्थी एक-दोन उपशाखा निवडतो. सामाजिक स्तरीकरण, लिंगभाव, स्थलांतर, अशा. प्रत्येकीची लांबलचक वाचनयादी. काही महिने वाचायचं आणि मग लेखी उत्तरं द्यायची. कुठे एका दिवसात खोलीत बसून, कुठे घरी नेऊन काही दिवसांत. काही विभागांत वर तोंडी परीक्षा. तपासायला प्राध्यापकांची समिती. नापास झाला तर सहसा आणखी एक संधी. तीही हुकली तर बहुधा एम.ए. घेऊन बाहेर. परदेशी विद्यार्थ्याचा तर व्हिसाही त्या प्रवेशालाच बांधलेला.

या परीक्षेचं एक मोठं पुण्य आहे, ते आधी मान्य करू. पुढे प्रबंध माणसाला एका बिळात नेतो. त्याआधी एकदा सगळं रान पाहून घ्यायला ही परीक्षा भाग पाडते. असं सलग वाचन आयुष्यात पुन्हा फारसं होत नाही.

आता दुसरी बाजू. मिशेल फूको यांनी 1975 साली दाखवलं, की परीक्षा ही ज्ञानाची मोजणी तर असतेच, पण माणसावर नजर ठेवण्याची आणि त्याला साच्यात बसवण्याची ती एक युक्तीही असते. बोर्दिय यांनीही परीक्षांच्या अशा निवडीवर पुष्कळ लिहिलं. गंमत बघा, हे दोघंही कॉम्प्सच्या याद्यांत हमखास सापडतात! परीक्षेची चिकित्सा परीक्षेसाठी पाठ करायची, आणि उत्तरपत्रिकेत मात्र ती या परीक्षेला लावायची नाही.

माझ्या मते खरी सत्ता प्रश्नपत्रिकेत नसून यादीत आहे. मार्क्स, डर्खाइम, वेबर ही त्रयी आपल्याला सनातन वाटते. रेविन कॉनेल यांनी 1997 च्या लेखात दाखवलं, की 'संस्थापकां'ची ही कथा बरीच नंतर रचली गेली. डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी फिलाडेल्फियात घरोघरी फिरून कृष्णवर्णीय वस्तीचा अभ्यास केला, तो ग्रंथ 1899 चा. म्हणजे डर्खाइमच्या आत्महत्येवरच्या पुस्तकानंतर अवघ्या दोन वर्षांनी. तरी अनेक दशकं त्यांना त्या पंगतीत पान वाढलं गेलं नाही. विद्यार्थी जे वाचत नाही, ते त्याच्या लेखी त्या शास्त्रातच नसतं. तोच पुढे प्राध्यापक होतो, आणि तीच यादी पुढच्याच्या हातात देतो.

याच द्यू बॉइस यांचे हार्वर्डमधले एक गुरू विल्यम जेम्स. त्यांनी 1903 मध्ये पीएच.डी.ला ऑक्टोपस म्हटलं होतं. पदवीचा बिल्ला शिकवण्याच्या गुणापेक्षा मोठा होतो, ही त्यांची तक्रार. ती जुनी झालेली नाही.

मग परीक्षा बंद करावी का? नाही. काही विभागांनी लेखी परीक्षेऐवजी समीक्षात्मक निबंध स्वीकारला आहे, तेही एक पाऊल आहे. मी एकच भर घालेन. यादीचा काही भाग विद्यार्थ्यानं स्वतः करावा, आणि अमुक घेतलं का, तमुक वगळलं का, याचा जाब समितीपुढे द्यावा. कोण काय म्हणालं, हे सांगणारा विद्यार्थी हुशार असतो. काय विचारायचं राहून गेलं, हे सांगणारा संशोधक असतो.

आणि आपण हसायचं कारण नाही. आपल्या कोर्सवर्कच्या पेपरात असा जाब कुठे विचारला जातो? तिकडे निदान यादीवर भांडण तरी होतं. आपल्याकडे अभ्यासक्रम येतो, आणि आपण तो उतरवून घेतो.