माल न पाहता लिहिलेले मथळे

‘वाट पाहीन, पण एसटीनेच जाईन’ हे मराठीतल्या उत्तम जाहिरातवाक्यांपैकी एक आहे, आणि त्याच्याकडे कारागिरी म्हणून कुणी पाहत नाही याचं मला वाईट वाटतं. जाहिरातीत एरवी जे लपवतात ते इथे पहिल्या दोन शब्दांतच कबूल केलं आहे: थांबावं लागेल. हे मान्य केल्यावरच ‘पण’ येतो आणि ‘एसटीनेच’मधला ‘च’ सगळा भार पेलतो. शिवाय इथे महामंडळ बोलत नाही, प्रवासी बोलतो. ‘आम्ही सेवा देतो’ असं सांगण्याऐवजी स्टँडवर पिशवी घेऊन उभा असलेला माणूस आपला निश्चय सांगतो. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एव्हिस या भाड्याने मोटारी देणाऱ्या कंपनीने ‘आम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहोत, म्हणून जास्त कष्ट घेतो’ अशा अर्थाची मोहीम चालवली. उणीव आधी सांगून विश्वास कमावण्याचा नमुना म्हणून ती आजही जगभर शिकवली जाते. आपल्याकडे तेच तंत्र लाल गाडीबरोबर गावोगाव पोचलं, पण त्याचा अभ्यास झाला नाही.

तीच गोष्ट ग्रामपंचायतीच्या भिंतींवरच्या घोषणांची. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा.’ ‘झाडे लावा, झाडे जगवा.’ दोन्हींत नाम तेच राहतं, क्रियापद बदलतं, आणि खरं काम दुसऱ्या क्रियापदात असतं. झाड लावायला पाच मिनिटं पुरतात. जगवायला उन्हाळे काढावे लागतात. हा सगळा विचार एका शब्दाच्या बदलात मावला आहे. ‘जिरवा’ हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडचा आहे. त्या जागी ‘भूजल पुनर्भरण करा’ असं लिहिलं असतं तर ते फक्त फायलीत राहिलं असतं. दोन्ही घोषणांत विशेषण एकही नाही. या ओळी मराठीत सुचल्या आहेत, हे त्यांच्या हाडापेरात दिसतं.

आता रविवारच्या वर्तमानपत्राचं पहिलं पान उघडा. ‘विश्वास, गुणवत्ता आणि परंपरेचा संगम.’ ‘आनंदाचा उत्सव, खरेदीची पर्वणी.’ ‘अनुभवा जीवनशैलीची नवी उंची.’ यातला कुठलाही मथळा सोन्याच्या दुकानाला लावा, गाडीला लावा, बँकेच्या ठेवीला लावा. काही फरक पडत नाही. मथळा कुठेही बसत असेल तर तो त्या मालाबद्दल काहीच सांगत नाही. क्रियापद असलंच तर ‘मिळवा’, ‘अनुभवा’, ‘त्वरा करा’ या ठरलेल्या दोन-तीन आज्ञांपैकी एक. बाकी सगळी नामं आणि विशेषणं ओळीने मांडलेली.

मराठीची ताकद आटली म्हणून हे घडलं, असं मला वाटत नाही. कारण कामाच्या रीतीत आहे. मोठ्या ब्रँडची मोहीम इंग्रजीत किंवा हिंदीत ठरते, चित्र ठरतं, मांडणी पक्की होते, ग्राहक कंपनीची मंजुरी येते, आणि मग शेवटच्या टप्प्यावर ती फाइल मराठीसाठी पाठवली जाते. शब्दांच्या दराने पैसे मिळणाऱ्या माणसाने माल पाहिलेला नसतो, दुकान पाहिलेलं नसतं, गिऱ्हाइकाशी तो बोललेला नसतो. त्याच्यापुढे असतो फक्त दुसऱ्या भाषेतला मथळा आणि त्या मथळ्याएवढी जागा. इंग्रजीच्या तीन शब्दांसाठी आखलेल्या चौकटीत मराठी वाक्य कोंबायचं, म्हणजे पहिला बळी क्रियापदाचा जातो, कारण ते शेवटी येतं आणि छाटायला सोपं असतं. मराठी वाक्याचा ठसा मात्र बहुतेक वेळा शेवटीच उमटतो. ‘जाईन’ काढा, एसटीचं वाक्य कोसळतं. हल्ली हेच काम भाषांतराच्या यंत्राकडे जाऊ लागलं आहे. त्याने वेग वाढला. माल न पाहण्याची रीत तशीच राहिली.

या धंद्यात मराठी प्रतिभा नव्हती, असंही म्हणता येत नाही. अरुण कोलटकर मुंबईच्या जाहिरातक्षेत्रातले पारितोषिकं मिळवलेले कलादिग्दर्शक होते. र. कृ. जोशी १९६१ साली सुरू झालेल्या ‘उल्का’ या जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक होते. पुढे त्यांनी आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन केंद्रात अक्षररचना शिकवली, आणि विंडोजमधला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांनी घडवला. दोघेही कवी. पण जाहिरात संस्थांत दोघांच्याही वाट्याला प्रामुख्याने दृश्याची बाजू आली. मराठी शब्दांवर इतकं प्रेम करणारी माणसं याच धंद्यात असताना मराठी मथळा मात्र भाषांतराच्या टेबलावर तयार होत राहिला, हे मला या क्षेत्राचं मोठं नुकसान वाटतं. अक्षरांच्या बाबतीतही तेच झालं. देवनागरीला वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरं. दोन ओळींत तिला रोमनपेक्षा जास्त अंतर लागतं. रोमनसाठी आखलेल्या मांडणीत ती गुदमरते, आणि वाचक कारण न कळताच पान उलटतो.

मथळा मालातून कसा निघतो याचं उदाहरण आपल्याच मातीत आहे. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकऱ्यांची शंका साधी होती: लोखंडाने जमीन विषारी होईल. त्यांच्या पुढचा खरा मजकूर ही शंकाच होती. ‘बलवान भारताचा बलवान नांगर’ असं काही लिहून तो खपला नसता. शंकेला उत्तर द्यायला हवं होतं, आणि ते शेतात नांगर चालवून, पीक दाखवून, गावात बोलून द्यावं लागलं. कारखान्याची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. शंकरराव किर्लोस्करांनी पुढे त्याचं मोठं मासिक केलं, पण मूळ हेतू मालाविषयी बोलण्याचा होता, आणि बोलणारा माणूस कारखान्यात वावरणारा होता.

जाहिरातकार डेव्हिड ऑगिल्वीचा १९५८ मधला रोल्स-रॉइसचा गाजलेला मथळाही असाच हाती लागलेला आहे. ताशी साठ मैल वेगात या गाडीत सर्वांत मोठा आवाज विजेवर चालणाऱ्या घड्याळाचा येतो, हे निरीक्षण एका मोटार नियतकालिकाच्या तांत्रिक संपादकाचं होतं. ऑगिल्वीने गाडीविषयीचे कागद आठवडेच्या आठवडे वाचले आणि त्यात त्याला ते दिसलं. ‘शांत’, ‘आरामदायी’, ‘राजेशाही’ हे शब्द वापरण्याची गरजच उरली नाही. घड्याळाने ते काम केलं.

आपल्याकडे ही शिस्त सर्वांत जास्त हवी ती घरांच्या जाहिरातींत, आणि सर्वांत कमी दिसते तीही तिथेच. ‘निसर्गाच्या कुशीत स्वप्नातलं घर, स्टेशनपासून अवघ्या पाच मिनिटांवर.’ निसर्ग कोणता, पाच मिनिटं पायी की गाडीने, हे विचारायचं नसतं. समजा, लिहिणाऱ्याला बांधकामावर दोन तास फिरवलं. त्याला दिसेल की लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं. ज्या घरात ऐंशीचे आजोबा आहेत त्या घरासाठी ‘आजोबांना खाली न्यायला चार माणसं लागणार नाहीत’ ही ओळ कुठल्याही स्वप्नापेक्षा मोलाची आहे. त्याला कळेल की स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला उघडते, किंवा उन्हाळ्यात टँकर न मागवता भागेल एवढी पाण्याची टाकी आहे. पुण्याच्या उपनगरांत ज्यांनी टँकरचे पैसे मोजले आहेत, त्यांना टाकीची क्षमता लिटरमध्ये सांगणं हाच मथळा.

१ मे २०१७ पासून महारेरा या राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाचं नियमन आलं आणि नोंदणी क्रमांकाशिवाय अशा गृहप्रकल्पांची जाहिरात करता येईना. १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा झाला. त्यातून मंजूर आराखडे, ताबा देण्याची तारीख, सगळं पाहता येतं. म्हणजे पूर्ण पानाच्या जाहिरातीत तपासून पाहता येईल असा मजकूर तेवढाच, तोही कायद्याने टाकायला लावलेला, आणि पुष्कळदा तो कोपऱ्यात, बारीक टायपात असायचा. प्रामाणिक बांधकाम व्यावसायिकाने ताब्याची तारीखच मोठ्या अक्षरात छापावी. आधीचे प्रकल्प वेळेवर दिले असतील तर त्या तारखेइतकं जोरकस दुसरं काही त्याच्याकडे नाही.

कोटीबद्दल थोडक्यात. मराठी वाचकाला शब्दखेळ आवडतो, म्हणून मथळा म्हणजे कोटी असा समज पसरला आहे. कोटी लक्षात राहते, आणि ती कशाची होती हे पुष्कळदा विसरलं जातं. मालाचा गुण नेमका त्या शब्दात पकडला गेला असेल तरच ती कामाची.

एका जागी मात्र मराठी जाहिरात अजून स्वतःच्या पायावर उभी आहे: नाटकांच्या जाहिराती. जागा चिमुकली. नाटकाचं नाव, कलाकार, शिवाजी मंदिर की गडकरी रंगायतन, वार, वेळ, आणि उरलेल्या बोटभर जागेत एखादी ओळ. कमल शेडगे यांनी अनेक दशकं या नावांना अक्षरं दिली, आणि नाटक ऐतिहासिक आहे की फार्स आहे हे वाचण्याआधीच डोळ्याला कळायचं. इथला मजकूर मराठीतच सुचतो, कारण नाटक मराठी, निर्माता मराठी, तिकीट काढणाराही मराठी. मुख्य म्हणजे निकाल लगेच लागतो. सकाळी जाहिरात आली की खिडकीवर प्लॅन किती भरला हे निर्मात्याला त्याच दिवशी दिसतं, आणि ओळ चालली नाही तर पुढच्या प्रयोगाला ती बदलते. इतकी चोख परीक्षा मोठ्या मोहिमांच्या मराठी मजकुराला कधी द्यावीच लागत नाही. अलीकडे या जागेतही पुरस्कारांची संख्या आणि ‘तुफान’, ‘धमाल’ यांची गर्दी वाढली आहे. नाटकात काय घडतं याची एक ओळ त्याहून जास्त प्रेक्षक आणेल, असं मला ठामपणे वाटतं.

आज मराठीत सर्वांत जास्त जाहिराती लिहिल्या जात असतील तर त्या व्हॉट्सअ‍ॅपवर. मोदक, दिवाळीचा फराळ, साड्या, शिकवण्या, शेतातून थेट आंबा. या लिहिणाऱ्यांनी माल स्वतः केलेला किंवा हाताळलेला असतो, म्हणजे जाहिरात संस्थेतल्या माणसाकडे नसतं ते सगळं त्यांच्याकडे असतं. तरी लिहायला बसलं की ते ‘चविष्ट, दर्जेदार, घरगुती’ असं लिहितात, कारण मोठ्या जाहिरातींची भाषा हीच खरी असं त्यांच्यावर ठसलं आहे. ‘पुरणपोळी, आजच्या पुरणाची, दोन दिवस टिकते, गूळ घातलेली, साखर नाही’ एवढं लिहिलं तर गिऱ्हाइकाच्या चारही प्रश्नांची उत्तरं झाली. पाचवा प्रश्न दराचा, आणि तिथे लिहिलेलं असतं ‘किमतीसाठी मेसेज करा’. गिऱ्हाईक मेसेज करत नाही, ते पुढच्या फोटोकडे जातं. नगाचा भाव पहिल्या ओळीत लिहावा, किती नग घेतल्यावर घरपोच देणार ते दुसऱ्या ओळीत, आणि ऑर्डर कधीपर्यंत नोंदवायची ते तिसऱ्या.