‘असता’ आणि ‘मुळे’ : एका वैद्यकीय विधानाची चिकित्सा

रक्तातील कोलेस्टेरॉल अधिक असता चिरकारी ‘सी’ यकृतशोथाच्या, म्हणजेच हेपटायटिस सीच्या रोग्यास उपचाराचा गुण अधिक येतो, असे निरीक्षण इंटरफेरॉनच्या काळातील अनेक अभ्यासांत नोंदविले गेले. हे विधान मराठीत उतरविताना ‘असता’च्या जागी ‘मुळे’ सहज येऊन बसते. ‘असता’ हे कृदन्त केवळ साहचर्य सांगते. ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय कारण सांगते. ‘कोलेस्टेरॉलमुळे गुण येतो’ असे एकदा म्हटले, की ‘म्हणून तूप खावे’ हे अनुमान दूर राहत नाही.

साहचर्य निराधार आहे असे नव्हे. 1989 साली ओळख पटलेला हा विषाणू रक्तात मेदवाहक प्रथिनांच्या आवरणात वावरतो, आणि यकृतपेशीत शिरताना त्या प्रथिनांच्या ग्राहकांचा आश्रय घेतो. परंतु हाच विषाणू, विशेषतः भारतात अधिक आढळणारा त्याचा तिसरा प्रकार, रक्तातील कोलेस्टेरॉल स्वतःच उतरवितो. विषाणू नष्ट झाल्यावर ते पुन्हा चढते. शिवाय इंटरल्यूकिन-28बी या जनुकाजवळील भेदाचा इंटरफेरॉनच्या गुणाशी निकट संबंध असल्याचे 2009 मध्ये दिसून आले, आणि त्याचे अनुकूल रूप असणाऱ्यांत घातक म्हणून ओळखले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉलही अधिक आढळले. तात्पर्य, दोन्ही गोष्टींमागे तिसरी उभी असू शकते. ‘मुळे’ तिला झाकून टाकते.

हा केवळ व्याकरणाचा काथ्याकूट नव्हे, हे नंदुरबार जिल्ह्याकडे पाहता ध्यानी येते. तेथील आदिवासी समाजात सिकलसेलचा विकार आढळतो. या विकारात कोलेस्टेरॉल मुळातच कमी असते. प्रसंगी रोग्यास रक्तही द्यावे लागते, आणि दात्याच्या रक्ताची ‘सी’ विषाणूसाठी तपासणी सक्तीची होण्यापूर्वी रक्तसंक्रमण हा संसर्गाचा एक मार्ग होता. अशा रोग्याच्या कमी आकड्यावरून त्याचे भवितव्य ठरविणे म्हणजे एका रोगाची खूण दुसऱ्या रोगाच्या माथी मारणे होय. त्यातही अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरांत हे विधान मराठीतून भिली वा पावरी बोलीत जाते. पहिल्या रूपांतरात गळलेली अर्थच्छटा दुसऱ्यात परत येत नाही.

नव्या गोळ्यांच्या काळात ही चर्चा शिळी झाली, असा आक्षेप संभवतो. विषाणूवर थेट आघात करणाऱ्या या औषधांनी दहांपैकी नऊंहून अधिक रोगी बरे होतात, आणि 28 जुलै 2018 रोजी आरंभिलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती विनामूल्य मिळतात. उपचार द्यावा की नाही, हे आता कोलेस्टेरॉलवर ठरत नाही. पण त्यामुळेच मूळ विधानातील ‘इंटरफेरॉनच्या उपचारास’ हे विशेषण वगळणे अधिक घातक ठरते. कालबद्ध निरीक्षणाला ते त्रिकालाबाधित सत्याचे रूप देते. बरे झाल्यावर चढलेले कोलेस्टेरॉल मात्र तपासत राहावे. तो औषधाचा दोष मानू नये.

शास्त्रीय मराठीची कसोटी पारिभाषिक संज्ञांच्या भारदस्तपणावर लावण्याची प्रथा आहे. प्रस्तुत उदाहरण सांगते, की ती अव्ययांवरही लावली पाहिजे. संज्ञा चुकली तर वाचक अडतो. अव्यय चुकले तर तो न अडता चुकीच्या वाटेने पुढे जातो.