‘सामना’ आणि ‘कोर्ट’ : दोन कांबळे, एक प्रश्न

जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सामना’ (१९७५) हा मराठी चित्रपटाच्या इतिहासातील मैलाचा दगड मानला जातो आणि ते योग्यच आहे. विजय तेंडुलकरांची पटकथा, डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले यांचा अभिनय, भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि निर्माते रामदास फुटाणे यांचे धाडस या सर्वांचा गौरव आजवर पुष्कळ झाला आहे. बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धा विभागात हा चित्रपट दाखविला गेला, हेही आपण अभिमानाने सांगतो. तथापि, चित्रपट रसास्वादाच्या वर्गात गेली काही वर्षे ‘सामना’ आणि चैतन्य ताम्हाणे दिग्दर्शित ‘कोर्ट’ (२०१४) हे दोन चित्रपट लागोपाठ दाखवीत असताना एक अस्वस्थता मनात घर करून राहिली. ती येथे मांडावयाची आहे.

दोन्ही चित्रपटांत एक कांबळे आहे. ‘सामना’त मारुती कांबळे, ‘कोर्ट’मध्ये नारायण कांबळे. मराठी प्रेक्षकास हे आडनाव ऐकताच बरेच काही उमगते. ते वेगळे सांगावे लागत नाही. मारुतीचे काय झाले, हा ‘सामना’चा मध्यवर्ती प्रश्न होय. गावात भरकटत आलेला मद्यपी गांधीवादी मास्तर तो प्रश्न विचारतो आणि साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील त्याने हळूहळू बेचैन होत जातो. प्रवरानगरच्या पहिल्या सहकारी साखर कारखान्यापासून जेमतेम पाव शतकात सहकाराचे जे सरंजामी रूप ग्रामीण महाराष्ट्रात उभे राहिले, त्याकडे इतक्या थेटपणे बोट दाखविणारा दुसरा चित्रपट त्या काळात नव्हता.

परंतु चित्रपट संपल्यावर प्रेक्षकाच्या मनात काय उरते? हिंदुरावाचा मिश्किल, सावध, अधूनमधून हळवा होणारा चेहरा उरतो. मास्तरांची अडखळती, तरीही धारदार वाणी उरते. ‘नटसम्राट’चे लागू आणि ‘सखाराम बाइंडर’चे फुले समोरासमोर उभे ठाकल्यावर दुसरे काय होणार! तेंडुलकरांनी दोघांच्याही तोंडी इतकी सकस भाषा दिली आहे की, शोषक आणि शोषणाचा साक्षीदार यांच्यात एक प्रकारची मैत्री जुळते आणि आपणही त्या मैत्रीच्या मोहात पडतो. मारुती कांबळे मात्र इतरांच्या आठवणींतून दिसतो. मोहन आगाशे यांनी ती छोटी भूमिका ताकदीने केली आहे. तरी मारुतीचे घर, त्याचा दिनक्रम, त्याच्या माणसांचे पुढे काय झाले, यांपैकी काहीही आपल्या स्मरणात राहत नाही. त्याचे नाव हे मास्तरांच्या हातातील शस्त्र ठरते. ‘सामना’ हे शीर्षक या दृष्टीने दिग्दर्शकाला अभिप्रेत असेल त्याहून अधिक खरे ठरले, असे प्रस्तुत लेखकास वाटते. सामना दोन जिवंत माणसांचा आहे. मृत माणूस हे त्याचे निमित्त.

ही उणीव दाखविल्याने ‘सामना’चे मोठेपण कमी होत नाही. त्या काळी हा प्रश्न पडद्यावर विचारणे, हीच मोठी गोष्ट होती. मात्र तोच प्रश्न जवळजवळ चाळीस वर्षांनी पुन्हा विचारताना ‘कोर्ट’ने जी पद्धत स्वीकारली, ती ‘सामना’च्या नेमकी उलट आहे.

‘कोर्ट’मध्ये कोणीही चमकदार बोलत नाही. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप असा की, त्यांच्या एका गीतामुळे वासुदेव पवार या सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. आरोप हास्यास्पद आहे. पण चित्रपट त्याला हसत नाही. सरकारी वकील कायद्याची कलमे एकसुरात वाचतात, न्यायाधीश लेखनिकास मजकूर सांगतात, पुढची तारीख पडते. पोलिसांचा साक्षीदार याआधीही अनेक खटल्यांत साक्षीदारच होता, हे उघड होते, तेव्हाही कोणी आवाज चढवीत नाही. कॅमेरा बहुतेक वेळा दूर आणि स्थिर. आपल्या चित्रपटांनी न्यायालय म्हणजे टाळ्यांच्या संवादांची जागा, अशी सवय आपल्याला लावली आहे. ताम्हाणे यांनी ते एक कार्यालय म्हणून दाखविले. पंखे, फायली, कंटाळा.

या चित्रपटास राष्ट्रीय पुरस्कारांत २०१४ या वर्षाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून सुवर्णकमळ मिळाले. त्यानंतर जी परीक्षणे आली, त्यांतील पुष्कळांनी तो न्यायव्यवस्थेच्या दिरंगाईवरील उपहास असल्याचे म्हटले. हे वाचन अपुरे आहे. दिरंगाई हा वरवरचा भाग झाला. चित्रपटाचा गाभा वासुदेवच्या पत्नीच्या साक्षीत आहे.

ती साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहते. बचाव पक्षाचे वकील व्होरा शांतपणे विचारतात, ती तितक्याच शांतपणे उत्तरे देते. नवरा दारू पीत असे का? होय, वासामुळे प्यावीच लागे. सुरक्षेची साधने होती का? नाही. आत वायू आहे की नाही, हे कसे कळे? खडा टाकावयाचा, झुरळ बाहेर आले तर उतरावयाचे. एक डोळा याच कामात गेला होता. त्या उत्तरांत कोठेही तक्रारीचा सूर नाही. कामाची माहिती द्यावी, तशी ती देते. ही भूमिका करणाऱ्या उषा बाने व्यावसायिक अभिनेत्री नव्हत. प्रत्यक्षात त्याही सफाई कामगाराच्या पत्नी होत्या, हे समजल्यावर त्या स्वराचा उलगडा होतो. आणि मग न्यायाधीश हे सारे इंग्रजीत, आवश्यक तेवढेच, नोंदवून घेतात. झुरळाचा तपशील कागदावर पोचतो तेव्हा तो फक्त मजकूर असतो. ‘सामना’त भाषा हे शस्त्र आहे, येथे ती चाळणी आहे.

मृत माणूस ‘कोर्ट’मध्येही एकदाही दिसत नाही. परंतु त्याच्या श्रमाची पद्धत आपल्याला कळते, आणि मारुती कांबळेविषयी नेमके हेच कळले नव्हते. मला हा फरक कलात्मक वाटतो तितकाच नैतिकही वाटतो.

एक आक्षेप मात्र नोंदविला पाहिजे. चित्रपट न्यायालयाबाहेर पडतो तेव्हा व्होरांच्या मागे वाईन-चीजच्या दुकानात आणि गुजराती आईवडिलांच्या घरी जातो. सरकारी वकील बाईंच्या मागे लोकलमध्ये, त्यांच्या स्वयंपाकघरात आणि परप्रांतीयांवर टाळ्या घेणाऱ्या नाटकाला जातो. ही दृश्ये उत्तम आहेत (गीतांजली कुलकर्णी यांचे काम तर संपूर्ण चित्रपटात सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी वाखाणले गेलेले). परंतु वासुदेवच्या विधवेच्या घरी आपण जात नाही. व्होरा तिला मोटारीने सोडतात; देऊ केलेले पैसे ती घेत नाही, काम असल्यास सांगा म्हणते. तेथेच प्रसंग संपतो. ज्यांच्या घराची आपल्याला आधीच ओळख आहे त्यांचीच घरे पुन्हा दिसली, असे एका विद्यार्थिनीने वर्गात म्हटले. दिग्दर्शकाने आपल्या अनुभवाची सीमा प्रामाणिकपणे ओळखली, असे उत्तर मी तेव्हा दिले. ते मला स्वतःलाच पुरेसे वाटले नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (२०१३) ती सीमा ओलांडली होती आणि ‘कोर्ट’ त्याच्यानंतरचा आहे.

शेवटाविषयी मतभेद पुष्कळ आहेत. सुट्टी लागते, न्यायालयातील दिवे एकेक करून मालवतात, पडदा काळा होतो. चित्रपट येथेच संपावयास हवा होता, असे मी दीर्घकाळ मानत आलो. त्यानंतर येणारा न्यायाधीशांच्या सहलीचा भाग, ती अंकशास्त्राची आणि रत्नांची चर्चा, बाकावर डुलकी लागली असता खोड्या काढणाऱ्या मुलाला त्यांनी मारलेली चपराक, हे सारे मला दोष कोणा एकाच्या माथी मारण्याजोगे वाटे. यंदा पुन्हा पाहताना लक्ष वेगळ्या गोष्टीकडे गेले. चपराक मारून झाल्यावर न्यायाधीश डोळे मिटून पुन्हा झोपतात. त्यांच्या चेहऱ्यावर द्वेष नाही, रागही टिकत नाही. हिंदुरावाला मारुती कांबळेच्या नावाने झोप लागत नसे. मास्तरांचा विजय काय तो एवढाच होता.

नारायण कांबळेंची भूमिका करणारे नागपूरचे कवी-कार्यकर्ते वीरा साथीदार एप्रिल २०२१ मध्ये करोनाने गेले. ज्या ३०६ कलमाखाली पडद्यावरचा खटला चालला, त्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १०८ कलमाने घेतली. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. गटारात मृत्यू पावणाऱ्याच्या कुटुंबास द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. ही रक्कम वर्गात सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारले, “सर, खडा टाकायची पद्धत बंद झाली का?”