संशय कोणावर?

लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ साली आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तरी आपल्या घरांतल्या कपाटांत ते सहसा दिसत नाही. तिथे व्रतकथा असतात, पाककृती असतात, दोन-चार ललितसंग्रह असतात. चोर म्हणून शिक्का बसलेल्या जमातीतल्या माणसाचं आत्मकथन कोण आणून ठेवणार? ज्या मैत्रिणींनी ते वाचलं, त्यांतल्या बहुतेकींनी मला एकच सांगितलं, “फार वाईट वाटलं गं.” माझी तक्रार त्या वाईट वाटण्याबद्दलच आहे.

वाईट वाटायला निरपराध माणूस लागतो, आणि गायकवाड तो देत नाहीत. आमचे लोक खिसे कापत होते, गठडी उचलत होते, पोरांना ते शिकवत होते, हे ते सरळ लिहितात. हीच या पुस्तकाची सगळ्यात मोठी ताकद, आणि वाचकाची सगळ्यात मोठी अडचण. कारण मग मनात येतंच, की पोलीस त्यांच्या झोपडीवर आले यात त्यांचं काय चुकलं?

चुकलं ते असं. पोलीस गुन्हा झाला म्हणून येत नाहीत, ही माणसं त्या जमातीची आहेत म्हणून येतात. आजोबांना हजेरी द्यावी लागते, गाव सोडायचं तर परवानगी लागते. बायांना मारहाण होते, वर चोरीतला वाटाही मागितला जातो. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पुस्तकातलं धनेगाव लातूरजवळचं, म्हणजे निजामाच्या राज्यातलं. तेव्हा त्या आजोबांवर नजर ठेवणारा पोलीस आपल्या या हैदराबादच्याच सरकारचा होता. लातूरकडून इथे येऊन स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

तो कायदा १९५२ साली रद्द झाला. नोंदवहीतलं नाव खोडलं गेलं, पण नजर तीच राहिली. हल्ली याला नकळत होणारा पूर्वग्रह म्हणतात. शब्द बरा आहे, फक्त ‘नकळत’ म्हटलं की आपण लगेच सुटतो. जे एकेकाळी शाईने लिहून ठेवलं होतं, तेच आता न लिहिता चालतं. जिथे रोज झडती घेतली जाते तिथे कधी ना कधी काहीतरी सापडतंच, आणि सापडलं की झडती योग्यच होती असं ठरतं. जिथे कोणी बघतच नाही तिथे काय सापडणार? २०१९ साली कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस यांनी एकवीस राज्यांतल्या सुमारे बारा हजार पोलिसांना प्रश्न विचारले. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना मुसलमान स्वभावतःच कमी-अधिक गुन्ह्याकडे वळतात असं वाटत होतं. आमच्या नामपल्लीत राहणाऱ्यांना हा आकडा कोरडा वाटत नाही. १८ मे २००७ ला मक्का मशिदीत स्फोट झाला आणि जुन्या शहरातली मुसलमान मुलं उचलली गेली. ती पुढे निर्दोष सुटली. सरकारने नुकसानभरपाई दिली, चारित्र्याचे दाखलेही दिले. मग २०१३ साली उच्च न्यायालयाने ती भरपाईच रद्द केली. नंतर दुसऱ्या लोकांवर झालेला खटला नामपल्लीच्याच न्यायालयात १६ एप्रिल २०१८ ला संपला. तेही पाचही जण सुटले. मेलेल्यांच्या घरच्यांना काय मिळालं?

‘उचल्या’ आता जुनं झालं असं म्हणणाऱ्यांनी नाशिक जिल्ह्यातला एक खटला बघावा. २००३ साली तिथे एका शेतवस्तीवर दरोडा पडला, खून झाले, बलात्कार झाला. वाचलेल्या बाईने पोलिसांच्या फोटोंच्या वहीतून चौघांना ओळखलं होतं. त्यांना सोडून पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर पकडले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठरवली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, तपासावर ताशेरे ओढले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सांगितलं. सोळा वर्षं! त्या बाईचं बोलणं पहिल्याच दिवशी कानावर घेतलं असतं, तर तिलाही न्याय मिळाला असता. इथे मला सगळ्यात जास्त चीड येते. अशा नजरेचा मार दोन्हीकडे बसतो, फिर्यादी बाईलाही.

आता घराकडे या. चोरीची फिर्याद द्यायला गेलं की ठाण्यात हमखास विचारतात, “संशय कोणावर?” तिथे उत्तर देणारा पोलीस नसतो, आपण असतो. आमच्या ओळखीच्या एका घरात सोन्याची चेन हरवली. भांडीवाली, झाडूवाली आणि इस्त्रीवाल्याचा मुलगा, अशी तीन नावं पाच मिनिटांत सांगून झाली. स्वयंपाकाचे महाराज दिवसभर त्याच घरात वावरत होते, पण ते गावाकडचे, आपल्यातले. त्यांचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. चेनचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. भांडीवाली मात्र त्या गल्लीत पुन्हा आली नाही.

दशलक्षणात रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय वाचतात. सातव्या दिवशी सातवा येतो, त्यात अचौर्याचे पाच अतिचार आहेत. मी ‘उचल्या’ वाचलं त्या वर्षी ते पहिल्यांदा नीट ऐकले. चोराला चिथावणं, चोरीचा माल घेणं, राज्याचे नियम मोडणं, मापात मारणं, भेसळ करणं. बघा तर खरं, यातला एकही रात्री भिंत फोडणाऱ्याचा दोष नाही. पाचही दुकानात बसणाऱ्याचे आहेत. उचल्याने उचललेलं कापड शेवटी कोणीतरी निम्म्या भावात घेतच असेल ना? त्याच्या दारी पहाटे पोलीस येत नाहीत, आणि त्याच्या नातवाला शाळेत कोणी चोराचा म्हणत नाही.

पुस्तकात उणं नाही असं नाही. उत्तरार्धात गायकवाड लातूरच्या सूतगिरणीतलं काम, संघटना, मोर्चे यांवर येतात आणि लिहिणं चळवळीच्या वृत्तांतासारखं होतं. पहिल्या भागातलं ते नागडं, अंगावर येणारं सांगणं तिथे राहत नाही. दुसरं उणं मला जास्त खुपतं. पोलिसांनी घरातल्या बायांना कसं वागवलं ते लेखक लपवत नाही, पण पोलीस निघून गेल्यावर त्या बाया एकमेकींशी काय बोलल्या, दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटवली, हे त्याला फारसं दिसलेलं नाही. तेवढी पानं त्या घरातल्या एखाद्या लेकीनेच लिहायला हवीत.