लिंचची पाच चित्रं आणि शिवाजी पार्क

वस्तीवर संशोधन करायचं म्हटलं की गाईड बहुतेक वेळा केविन लिंचचं 'द इमेज ऑफ द सिटी' हातात ठेवतात. १९६० सालचं हे पुस्तक आजही कामाचं आहे, पण ते जसंच्या तसं उचललं की काय राहून जातं, ते आज बघू.

लिंचचं म्हणणं साधं आहे. माणूस शहराचा एक नकाशा डोक्यात बाळगतो आणि तो पाच गोष्टींनी बनतो: वाटा, कडा, विभाग, नाके आणि खुणा. हे शोधायला त्याने बॉस्टनमध्ये सुमारे तीस, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसमध्ये प्रत्येकी पंधरा लोकांच्या मुलाखती घेतल्या, त्यांच्याकडून आठवणीतले नकाशे काढून घेतले.

आता हे दादरच्या शिवाजी पार्कला लावून बघा. कडा म्हणजे पश्चिमेचा समुद्र. विभाग म्हणजे मैदानाभोवतीच्या तीन-चार मजली जुन्या इमारती. मैदान हा नाका, भोवतालचा कट्टा ही वाट. शिवाजी महाराजांचा पुतळा, उद्यान गणेश, स्काउट हॉल या खुणा. पाचही रकाने भरले, प्रबंधाचं एक प्रकरण तयार! मला खटकतं ते इथेच. इतक्या सहज बसलं, म्हणजे काहीतरी बाहेर राहिलं असणार.

बाहेर राहिली चैत्यभूमी. मैदानापासून चालत काही मिनिटांवर, दादर चौपाटीवर. १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर तिथे अंत्यसंस्कार झाले. दर ६ डिसेंबरला लाखो लोक तिथे येतात आणि त्यांची मुक्कामाची सोय याच मैदानावर होते. लिंचच्या व्याख्येत खूण ही बाहेरून बघायची गोष्ट, तर नाका म्हणजे जिथे आपण आत शिरतो ती जागा. मग चैत्यभूमी काय? कट्ट्यावर रोज फिरणाऱ्या काकांसाठी कदाचित खूण. मराठवाड्यातून किंवा विदर्भातून रात्रभर प्रवास करून आलेल्या बाईंसाठी मात्र तेच पोचायचं ठिकाण, आणि पुतळा ही वाटेतली खूण. नकाशा उलटला!

लिंचला हे अजिबात कळलं नव्हतं असं नाही. मोटारवाल्याची वाट पायी चालणाऱ्याला कडा वाटते, हे तो स्वतःच सांगतो. आपला नमुना लहान आणि मध्यमवर्गीय आहे, हेही कबूल करतो. पण जागेचा 'अर्थ' त्याने मुद्दाम बाजूला ठेवला आणि ओळख व रचना यांवरच भर दिला. शिवाजी पार्कात अर्थ बाजूला काढला तर हाती काय राहतं? एक मोकळं मैदान आणि चार दिशा.

दुसरी अडचण 'व्यक्तिमत्त्व' या शब्दाची. २०१२ मध्ये मुंबईच्या वारसा यादीत भर घालण्याचा प्रस्ताव आला, त्यात शिवाजी पार्क परिसरही होता. तेव्हा विरोध केला तो तिथल्याच रहिवाशांनी. जुन्या इमारतींचा पुनर्विकास अडेल, ही भीती होती. बघणाऱ्याला ज्या इमारती परिसराची ओळख वाटतात, त्या राहणाऱ्याला दुरुस्तीचा खर्च वाटू शकतात. याला ढोंग म्हणून मोकळं होऊ नका. 'ही ओळख कोण जपणार आणि खर्च कोण सोसणार?' हा प्रश्न लिंचच्या पाच रकान्यांत बसतच नाही, आणि आपल्या शहरांत खरा प्रश्न तोच आहे.

म्हणून लिंच टाकून द्यायचा का? मुळीच नाही. नकाशे काढून घेण्याची त्याची पद्धत अजूनही उत्तम आहे. फक्त तीन गोष्टी करा. एक, रहिवाशांबरोबर तिथे कामाला येणारे, विक्रेते आणि वर्षातून एकदा येणारे यांच्याकडूनही नकाशे घ्या. दोन, नकाशावर तारीख घाला. ५ जून आणि ६ डिसेंबरचं शिवाजी पार्क एक नसतं. तीन, सगळ्या नकाशांची सरासरी काढू नका. ते जिथे जुळत नाहीत, तिथे बोट ठेवा.

बहुतेक वेळा तुमचा संशोधनप्रश्न त्याच जागी सापडतो.