कच्चं राहिलेलं मडकं

बिडकीन पैठणच्या वाटेवरचं गाव. नाथषष्ठीच्या दिंड्या पाहणाऱ्या या रस्त्याला संतकथा परक्या नाहीत. त्यांतली मला सर्वांत प्रिय कथा राका कुंभाराची. ताहराबादच्या महिपतीबुवांनी 1762 साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त ती आहे.

पंढरपूरच्या राकाकडे मांजरी कच्च्या मडक्यात व्याली. नकळत ते मडकं आव्यात रचलं गेलं. आवा पेटला, तशी मांजरी आक्रोश करत भोवती फिरू लागली आणि राकाच्या काळजात चर्र झालं. आग विझवणं हाताबाहेरचं होतं. त्यानं विठ्ठलाला साकडं घातलं : पिल्लं वाचव, घरदार लुटवून देतो. आवा निवला तेव्हा इतर मडकी पक्की भाजली होती, एकच कच्चं राहिलं होतं आणि आत पिल्लं जिवंत होती. राकानं शब्द पाळला.

चमत्कारापाशी थांबलं, तर कथेचा गाभा निसटतो. कुंभाराच्या लेखी कच्चं राहिलेलं मडकं म्हणजे वाया गेलेली मेहनत. इथं तेच त्याच्या प्रार्थनेचं फळ ठरतं. मांजरीनं मडकं निवडलं ते अंधारासाठी, आडोशासाठी, उबेसाठी. त्या उबेची आग झाली. राकाच्या करुणेनं आगीची पुन्हा ऊब केली. आणखी एक नजाकत पाहा : पिल्लं काहीच मागत नाहीत. वैष्णव परंपरेतला मार्जारकिशोरन्याय हाच. माकडाचं पोर आईला घट्ट बिलगतं. मांजराचं पिल्लू निवांत पडून राहतं, आईच त्याला मानगुटीला धरून नेते.

ती आईच नसेल तर? पिल्लू जन्मतं तेव्हा डोळे मिटलेले असतात. ते उघडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. अंगची ऊब त्याला स्वतः टिकवता येत नाही. म्हणून आधी ऊब, मग दूध. गारठलेल्या पिल्लाला पाजू नये. कपड्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली जवळ ठेवावी. गाईच्या दुधानं हगवण लागते. पिल्लांसाठीची दूध-पावडरच द्यावी, पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पाजताना पिल्लू पालथंच असावं. उताणं पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. पाजून झाल्यावर ओल्या कोमट कापसानं शी-शूची जागा हलकेच पुसावी. आई चाटून करते तेच हे काम. त्याशिवाय पिल्लाला मोकळं होता येत नाही.

आज बिडकीनला औद्योगिक वसाहत उभी राहते आहे. सिमेंटचा पाइप, पत्र्याचा ढीग, उभा ट्रक ही मांजरींची नवी मडकी. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपण म्हणतोच. तेव्हा पिल्लं एकटी दिसली, पण उबदार आणि शांत असली, तर लांबून आईची वाट पाहा. ती आलीच नाही, तर उचला. आणि काहीही पेटवण्याआधी, सुरू करण्याआधी, एकदा आत वाकून बघा.